कच्च्या फायली, पक्की मतं

हल्ली फोटो काढणाऱ्या माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी एक नवं तत्त्वज्ञान स्वीकारलं आहे. यात्रेहून, लग्नाहून, सहलीहून आलं की फोटो संगणकावर उतरवायचे, रॉ फायलींचे जेपेग करून घ्यायचे आणि मग रॉ फायली उडवून टाकायच्या. का? तर "जागा खातात". बरं, दुसरं कारण? "पुन्हा कोण उघडून बघतंय?" आणि तिसरं, सगळ्यात लाडकं... "आता झालं ना काम!" या तिन्ही कारणांशी माझं भांडण आहे. बोलण्यातून ते बरेच दिवस चाललंय, आज एकदाचं लिहून टाकतो.

घरची मंडळीही इथे येऊन वाचतात, म्हणून आधी रॉ म्हणजे काय ते सांगतो. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक घरं असतात. प्रत्येक घर आपल्यावर किती उजेड पडला एवढंच मोजतं, रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्मी घरं हिरवी, पाव लाल, पाव निळी. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, तिचं पेटंट १९७६ सालचं. आजही बहुतेक कॅमेरे याच रचनेवर चालतात. म्हणजे फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो, उरलेले दोन शेजारच्या घरांवरून हिशेबाने भरावे लागतात. रॉ फाईलमध्ये असतात ते मोजलेले आकडे. जेपेगमध्ये असतो तो हिशेबाचा निकाल. रॉमध्ये उजेडाच्या पायऱ्या बारा बिटला ४,०९६ आणि चौदा बिटला १६,३८४ असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. शिवाय डोळ्याला चटकन कळणार नाही असा तपशील गाळून जेपेग लहान केलेला असतो.

आता लगेच कुणी "म्हणजे तुला जेपेग नको का?" असं म्हणू नका. जेपेगने जगाचं भलंच केलं आहे. तो कुठेही उघडतो, पाठवता येतो, छापता येतो. मी स्वतः प्रत्येक चांगल्या फोटोचा जेपेग करतो. भांडण आहे ते जेपेग झाल्यावर रॉ फेकण्याशी. कारण रॉचा जेपेग करताना आपण शंभर निर्णय घेत असतो. पांढरं किती पांढरं, सावली किती काळी, कातडीचा रंग कुठल्या बाजूला झुकवायचा, बारीक दाणे किती पुसायचे. हे निर्णय आपण त्या दिवशीच्या आपल्या समजेने, त्या दिवशीच्या सॉफ्टवेअरने आणि (लपवू नका!) त्या दिवशीच्या फॅशनने घेतो. म्हणजे जेपेग हे आपलं त्या दिवसाचं मत झालं. मत जरूर जपा. पण मत बनलं म्हणून पुरावा जाळायचा, हा कुठला न्याय?

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, ते पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि डोक्यावर सोलापूरचं ऊन. जानेवारी असला म्हणून काय झालं, दुपारचं ऊन ते ऊनच. संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात तेव्हा तर फोटो काढणाऱ्याची पुरती परीक्षा असते. उन्हात चमकणारं पांढरं कापड, त्याच चौकटीत सावळे चेहरे, वरून पडणारे अक्षतांचे दाणे आणि मागे फिकट आभाळ. कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला जेपेग अशा वेळी बहुधा एक बाजू सोडून देतो. चेहरे नीट दिसतील एवढा उजेड ठेवला तर बाराबंदीचा नुसता पांढरा पत्रा होतो. घडी नाही, शिवण नाही, गाठ नाही. बाराबंदीच्या फोटोत बंदच दिसत नसतील तर ती बाराबंदी कसली?

त्याच फोटोची रॉ उघडा. उजेडाची बाजू थोडी खाली ओढली की गेलेल्या घड्या पुष्कळदा परत येतात. जादू वगैरे काही नाही. ते आकडे तिथे मोजलेले होतेच, जेपेग करताना कापले गेले होते. (सेन्सरच्या मोजण्याच्या पलीकडे उजेड गेला असेल तर रॉसुद्धा काही करू शकत नाही, हेही कबूल.) आता ज्याने यात्रेच्या रात्रीच दमून भागून जेपेग केले आणि रॉ उडवल्या, त्याला हा उपाय कायमचा बंद झाला. पुढच्या वर्षी यात्रा आहेच म्हणाल, तर २०२१ ची यात्रा आठवा. महामारीमुळे मोजक्या मानकऱ्यांत उरकली होती. ती पुन्हा येणार नाही, आणि येऊही नये. पण त्या वर्षी ज्यांनी फोटो काढले, त्यांच्याकडे काय उरलं आहे हे विचारायला हवं.

तीच गोष्ट चिमणीची. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची ती उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. विमानाला अडथळा होते, की नाही होत, यावर शहरात वर्षानुवर्षं वाद झाला, मोर्चे निघाले, आणि शेवटी काही सेकंदांत ती खाली आली. तिचं पाडणं बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. विषय असा, की ती चिमणी असताना ज्या हजारो लोकांनी तिच्याकडे बघून "ही काय, इथेच आहे" असं म्हटलं, त्यांना आता तिथे नुसतं आभाळ दिसतं. फोटोतली गोष्ट पुन्हा काढता येईल या समजुतीवर रॉ फेकण्याचा सगळा डोलारा उभा आहे. नान्नजला जाणाऱ्यांना विचारा. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक क्वचितच नजरेला पडतो. वीस वर्षांपूर्वी कुणी लांबून, उन्हाच्या झळांमधून काढलेला धूसर फोटोही आता दस्तऐवज आहे. त्या फोटोची रॉ कुणी "जागा खाते" म्हणून उडवली असेल तर त्याला काय म्हणावं?

पण चिमणी आणि माळढोक राहू द्या, घरातलं सांगतो. आमच्याकडे २००८ साली एक लग्न झालं. अल्बम आला तो अगदी राजेशाही, पानं जाड, कडा सोनेरी. आणि आत सगळं घर गोरंपान! तेव्हाची फॅशनच ती होती. आमची मावशी चांगली सावळी, तुकतुकीत. ती अल्बममध्ये गुलाबी झाली होती. तेव्हा आम्ही सगळे हसलो, तीही हसली. पुढे काही वर्षांनी मावशी गेली. तिच्या मुलाला भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि तिचा हसरा, समोरून, स्वच्छ फोटो म्हणजे त्या लग्नातलाच. म्हणून फोटोग्राफरला विचारलं, बाबा, तुमच्याकडे मूळ फाईल असेल तर द्या, आम्ही रंग नीट करून घेतो. तो म्हणाला, काढले रॉमध्येच होते, पण अल्बम दिला की महिन्याभरात उडवतो, सगळेच उडवतात. त्या एका माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, धंद्याची रीतच तशी होती. आम्ही जेपेगवर पुष्कळ खटपट केली. गुलाबी रंग खाली आणला की चेहरा राखाडी पडतो, गालावरचे पट्टे दिसायला लागतात. जे आकडे फेकून दिले ते परत कुठून आणणार? भिंतीवर आज जी मावशी आहे ती आमची मावशी नाही, २००८ च्या एका अल्बमवाल्याचं मत आहे.

म्हणून "आता झालं ना काम" या वाक्याची मला चीड येते. काम कुणाचं झालं? अल्बम द्यायचं काम झालं असेल. त्या फोटोचं काम तर माणूस गेल्यावर सुरू झालं.

आता कुणी म्हणेल, जेपेगपुढे रॉची एवढी काय मातब्बरी, आज निघेल तेवढं सगळं काढून घेतलं की संपलं. इथे मला दोन आगी आठवतात.

पहिली पुण्याची. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात सुरू झालं. जुन्या काळची फिल्म नायट्रेटची असे, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या भांडाराला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची नायट्रेटची रिळं त्यात गेली. त्यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या. म्हणजे "जेपेग" शिल्लक होते. मग काय बिघडलं? हे बिघडलं, की त्या प्रती त्या त्या काळच्या यंत्रांनी केलेल्या होत्या. प्रत करताना थोडा तपशील जातोच, ओरखडे आणि डागही प्रतीत उतरतात. आज जुने चित्रपट दुरुस्त करणारे लोक पहिल्यांदा शोधतात ते कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह. ती नसली तर तिच्या सगळ्यात जवळची प्रत. जे जळलं त्याच्या बाबतीत हा शोध प्रतीपाशीच थांबतो.

दुसरी आग लंडनची, १९९३ ची. तिथल्या एका प्रयोगशाळेत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होत्या. त्या भाजल्या, आक्रसल्या, कडक झाल्या. प्रती होत्या, तेव्हा ती जळकी भेंडोळी कुणी कचऱ्यात टाकली असती तरी त्या दिवशी ते शहाणपणाचंच वाटलं असतं. पण अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहाने ती ठेवून दिली. तेव्हा त्यांचा काही उपयोग करता येत नव्हता, तरीही ठेवली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेने ती फिल्म मऊ करून, हाताने दुरुस्त करून स्कॅन केली. 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्के आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून अधिक भाग त्या भाजलेल्या निगेटिव्हमधून मिळाला, बाकीचा इतर प्रतींवरून घ्यावा लागला. २०१५ साली ते चित्रपट नव्याने पडद्यावर आले. जळकी का होईना, मूळ ती मूळ, असं त्या लोकांना वाटलं म्हणून हे झालं. आणि आमच्या मित्रांना न जळलेली, धडधाकट मूळ फाईल पंचवीस एमबीची आहे म्हणून नको असते!

उद्याचं यंत्र आजच्या यंत्रापेक्षा चांगलं असतं, हे डिजिटल फोटोच्या बाबतीत तर आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २००६-०७ च्या कॅमेऱ्यांतले रात्रीचे फोटो आठवा. गड्ड्यावरच्या शोभेच्या दारूकामाचे, मिरवणुकीचे. सगळीकडे रंगीत वाळू सांडल्यासारखे दाणे. तेव्हाच्या सॉफ्टवेअरने ते पुसायला जावं तर चेहरे मेणाचे व्हायचे. २०२३ साली अॅडोबीने दाणे काढण्याचं नवं साधन आणलं, ते सुरुवातीला फक्त रॉ फायलींवरच चालायचं. इतर काही कंपन्यांचीही अशी साधनं आहेत. ही साधनं चांगली चालतात ती मोजलेल्या आकड्यांवर, एकदा पुसून दाबून झालेल्या जेपेगवर नाही. ज्याने २००७ ची रॉ ठेवली त्याला तो फोटो आज नव्याने धुऊन मिळतो. ज्याने फेकली त्याच्याकडे २००७ सालचं मेण आहे.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे एकेक करून घेतो.

जागा. हिशेब करू या. रॉ फाईल साधारण २५ एमबी धरा, तिचा जेपेग ८ एमबी. यात्रेत हजार फोटो काढले. रॉ उडवणारा माणूस काय करतो? हजारच्या हजार जेपेग ठेवतो. झाले ८ जीबी. आणि मी काय म्हणतो? हजारांतून दीडशे निवडा, बाकीचे साडेआठशे रॉसकट, जेपेगसकट, बिनदिक्कत उडवा. डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे चौदा, सगळे. उरलेल्या दीडशेंच्या रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवा. झाले साधारण ५ जीबी. म्हणजे सगळं ठेवणारा मी तुमच्यापेक्षा कमी जागा खातो! वर्षाला असे दहा प्रसंग धरले तरी ५० जीबी, दोन टीबीच्या डिस्कला चाळीस वर्षं पुरेल. खरं दुखणं जागेचं नाहीच, निवड करण्याच्या कंटाळ्याचं आहे. निवड करायला बसावं लागतं, प्रत्येक फोटो बघावा लागतो. रॉ एकगठ्ठा उडवायला एक बटण पुरतं, आणि वर काटकसर केल्याचं समाधान.

"रॉचे प्रकार कंपनीचे खाजगी असतात, उद्या उघडणारच नाहीत." हा मुद्दा मात्र वजनदार आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत्येक कंपनीचा प्रकार वेगळा, त्याची माहिती उघड केलेली नाही, कंपनी बंद पडली तर काय? पण प्रत्यक्षात काय झालं ते बघा. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. त्यांच्या रॉ फायली आजही उघडतात, कारण डेव्ह कॉफिन नावाच्या एका प्रोग्रामरने १९९७ पासून रॉ उलगडणारा प्रोग्राम लिहून तो सगळ्यांना खुला करून दिला, आणि कितीतरी सॉफ्टवेअर त्याच्या पायावर उभी राहिली. उलट कोडॅकची फोटो सीडी आठवते? १९९२ च्या सुमारास आलेली. फिल्म द्यायची, ते स्कॅन करून सीडीवर घालून देणार. तो कोडॅकचा स्वतःचा प्रकार होता, आणि पुढे कोडॅकनेच तो वाऱ्यावर सोडला. पण लक्षात घ्या, फोटो सीडी हे रूपांतर होतं! ज्यांनी निगेटिव्ह जपल्या त्यांनी पुन्हा स्कॅन करून घेतल्या. ज्यांनी "आता सीडी आहे ना" म्हणून निगेटिव्ह टाकल्या ते अडकले. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं :-)

डीएनजी. काही शहाणे मित्र म्हणतात, आम्ही जेपेग नाही, डीएनजी करतो आणि मग मूळ रॉ उडवतो. अॅडोबीने २००४ साली हा प्रकार काढला, त्याची माहिती सर्वांना खुली आहे, आणि तपशील न गाळता केलेल्या डीएनजीत सेन्सरचे मोजलेले आकडे शाबूत राहतात. यांच्याशी माझं भांडण निम्म्या आवाजातलं आहे. नुसते जेपेग ठेवणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरे. तरी दोन गोष्टी सांगतो. एक, डीएनजीतही तपशील गाळणारा एक प्रकार आहे, जागा वाचवायला लोक तोच निवडतात, आणि मग नाव डीएनजी असलं तरी गोष्ट जेपेगच्या वाटेने जाते. दोन, कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर अशी बदललेली फाईल सहसा उघडत नाही, आणि कंपनीने आपल्यासाठी लिहून ठेवलेली काही माहिती फक्त त्यालाच नीट कळते. तेव्हा डीएनजी जरूर करा, पण दुसरी प्रत म्हणून. मूळ फेकायची एवढी घाई कशाची आहे?

"बातमीवाले सुद्धा जेपेगच मागतात." खरं आहे. रॉयटर्सने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने काढलेला जेपेगच पाठवा. कारण दोन, वेळ वाचतो आणि फोटोशी खेळ होत नाही. पण त्यांनी रॉ काढू नका असं म्हटलं नाही, उडवा तर नाहीच नाही. आणि त्याच वर्षी वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत काय झालं? शेवटच्या आधीच्या फेरीत आलेल्या फोटोंच्या मूळ फायली मागवून ताडून पाहिल्या, तेव्हा वीस टक्के फोटो बाद करावे लागले. फोटो खरा की खोटा हे ठरवायची वेळ आली तेव्हा परीक्षकांनी मागितली ती मूळ फाईल. आज तर नसलेला माणूस फोटोत उभा करणं पोराटोरांचा खेळ झाला आहे. अशा दिवसांत स्वतःच्या हाताने आपला एकमेव साक्षीदार घालवायचा?

"तुझ्यानंतर कोण बघणार?" हा प्रश्न घरच्यांचा, आणि सगळ्यात खरा. आमचे दादा तर स्पष्टच म्हणतात, "पोरांना जेपेग बघायला वेळ नाही, रॉ काय बघतात?" दादांचं म्हणणं नाकारत नाही. म्हणूनच तर रॉच्या शेजारी जेपेग हवा, म्हणजे डबा उघडणाऱ्याला आत काय आहे ते लगेच दिसेल. आणि म्हणूनच निवड हवी. चाळीस हजार फोटो मागे ठेवणं हा पुढच्या पिढीवर अन्याय आहे, दोन हजार नीट निवडलेले ठेवणं नाही. पण कोण बघेल हे आज आपण ठरवायचं कारण नाही. मावशीचा फोटो २००८ मध्ये तरी कुणाला हवा होता?

आपल्या गावातल्या चादरीचं उदाहरण देऊन हा मुद्दा संपवतो. जेकार्डच्या मागावर नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढत, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून त्यांची लांब माळ मागावर चढवत. एकेका कार्डाने आडव्या धाग्याची एकेक ओळ ठरते. आता हेही संगणकावर होतं. पण चादर विणून झाली म्हणून त्याच संध्याकाळी कुणी कारखानदार नक्षीची कार्डं बंबात घालतो का? चादर विकली जाते, विटते, फाटते. नक्षी हाताशी असेल तर रंग बदलून पुन्हा विणता येते. हे गणित ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या गावात रॉ फायलींची वकिली करावी लागते याचंच मला नवल वाटतं.

जाता जाता, मोबाईलवाल्या नातेवाईकांसाठी. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे रॉ काढतो? ठीक, पण मूळ आणि रूपांतर हा भेद तुम्हालाही आहे. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो हा मूळ फोटो नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो, आणि कधी काढला ही माहितीही वाटेत गळते. ग्रुपवर टाकला म्हणून फोनमधला उडवू नका. मूळ हवा असेल तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. गूगल फोटोजने २०१५ पासून फुकट आणि अमर्याद जागा दिली होती, पण ती दाबलेल्या प्रतीसाठी. १ जून २०२१ पासून तेही फुकट राहिलं नाही. ज्यांनी त्या भरवशावर फोनमधले मूळ फोटो पुसले, त्यांच्याकडे आता ती दाबलेली प्रतच मूळ होऊन बसली आहे.

तर माझी मागणी फार मोठी नाही. महिन्याभरात निवड करा, आणि निवडीत निर्दय व्हा. जो फोटो ठेवाल त्याची रॉ ठेवा, शेजारी पूर्ण आकाराचा जेपेग ठेवा. दोन डिस्क घ्या आणि त्या दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, एकाच कपाटात दोन डिस्क ठेवणं म्हणजे एकच डिस्क ठेवणं. दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवा. फोल्डरला तारीख, प्रसंग आणि माणसांची नावं लिहा, कारण नाव नसलेला चेहरा वीस वर्षांनी कुणाचाच नसतो. आणि लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना पैशांच्या बोलण्याबरोबर हेही बोलून घ्या, की निवडलेल्या फोटोंच्या रॉ आम्हाला एका डिस्कवर हव्यात. थोडे जास्त पैसे मागेल. द्या. मांडवातल्या फुलांवर त्याहून जास्त जातात, आणि ती दुसऱ्या दिवशी सुकतात.

असो. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद घालायला मी कधीही तयार आहे. फक्त वादाला येण्याआधी गेल्या आठवड्यातल्या रॉ उडवून येऊ नका.